पाणी गाळले, पण शुद्ध झाले का? डॉ. रॉबर्ट कॉख यांचे आयुष्य आणि वाळूच्या गाळणीची परीक्षा

पावसाळा सुरू झाला की नळाला गढूळ पाणी येते आणि दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. अशा वेळी रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. प्लास्टिकची बाटली कापून तिच्यात कापूस, कोळसा, वाळू आणि खडी भरली की गढूळ पाणी स्वच्छ दिसू लागते. मुले शाळेच्या प्रकल्पासाठी अशी गाळणी करतात. मग ते पाणी प्यायला काय हरकत आहे?

या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने शोधले. त्यांचे नाव रॉबर्ट कॉख. क्षयरोगाचा जंतू शोधणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. आपल्याकडे अजूनही काही डॉक्टर चिठ्ठीवर क्षयाचे नाव थेट न लिहिता कॉक्स असे लिहितात, ते त्यांच्याच नावावरून. पण पिण्याच्या पाण्याची गाळणी खरोखर काम करते की नाही हे कसे तपासायचे, हेही त्यांनीच जगाला दाखवून दिले.

खाणीच्या गावातला मुलगा

कॉख यांचा जन्म 11 डिसेंबर 1843 रोजी जर्मनीतील हार्त्झ डोंगराळ भागातल्या क्लाउस्टाल या गावी झाला. वडील खाणीत अधिकारी होते. घरात तेरा भावंडे. 1862 मध्ये ते गटिंगन विद्यापीठात गेले आणि 1866 मध्ये डॉक्टर झाले. त्यांचे एक शिक्षक याकोब हेन्ल यांचे मत असे होते, की साथीचे रोग सजीव सूक्ष्म जंतूंमुळे होतात. त्या काळी बहुतेक डॉक्टरांना हे पटत नसे. दूषित हवा, जमिनीतून उठणारी दुर्गंधी यांनाच ते रोगाचे कारण मानत.

पदवीनंतर काही महिने कॉख यांनी हॅम्बर्गच्या सरकारी रुग्णालयात काम केले. त्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची साथ आली होती. सव्वीस वर्षांनी याच शहरात याच रोगाशी त्यांची पुन्हा गाठ पडणार होती.

जिल्ह्याचा डॉक्टर आणि एक सूक्ष्मदर्शक

1872 पासून आठ वर्षे कॉख वोलश्टाइन या छोट्या गावात जिल्हा वैद्यकीय अधिकारी होते. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. जवळ ना प्रयोगशाळा होती, ना मदतनीस. पत्नी एमी यांनी वाढदिवसाला भेट दिलेला सूक्ष्मदर्शक हे त्यांचे मुख्य साधन होते असे सांगतात. रुग्ण तपासायच्या खोलीत पडदा लावून त्यांनी एक कोपरा प्रयोगांसाठी वेगळा केला.

त्या भागात गुरांमध्ये अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळीचा रोग पसरलेला होता. कॉख यांनी मेलेल्या जनावरांचे रक्त लाकडाच्या बारीक काडीने उंदरांना टोचले, जंतू वेगळे वाढवले आणि या जंतूमुळेच हा रोग होतो हे 1876 मध्ये दाखवून दिले. एका विशिष्ट जंतूमुळे एक विशिष्ट रोग होतो याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. त्यामुळे 1880 मध्ये त्यांना बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात बोलावून घेण्यात आले.

स्वयंपाकघरातून आलेली युक्ती

बर्लिनमध्ये एक अडचण समोर आली. पातळ रसात जंतू वाढवले तर निरनिराळ्या जातींची सरमिसळ होते. कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवून पाहिले. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जंतू आपल्या जागीच वाढतो आणि त्याचा वेगळा ठिपका तयार होतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी बटाट्याऐवजी जिलेटिन वापरले. ते उबेत वितळत असे. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली घट्ट करण्यासाठी समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार वापरत. त्यांनी ते सुचवले आणि अडचण सुटली. आजही जगभरच्या प्रयोगशाळा अगारवरच जंतू वाढवतात. आपण लघवीचे कल्चर करायला देतो, तेव्हा तपासणीची मूळ रीत हीच असते.

या रीतीने पाणीही तपासता येऊ लागले. मोजून घेतलेले थोडे पाणी कोमट जिलेटिनमध्ये मिसळायचे, काचेवर ओतायचे आणि दोन-तीन दिवस थांबायचे. पाण्यातल्या प्रत्येक जिवंत जंतूच्या जागी एक ठिपका उमटतो. ठिपके मोजले की पाण्यात किती जंतू होते हे कळते. तोपर्यंत पाण्याची पारख डोळ्यांनी, चवीने आणि वासाने होत असे. रासायनिक तपासणीही होत असे, पण जंतू त्या तपासणीत दिसत नसत.

24 मार्च 1882 रोजी कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच 24 मार्च हा आज जागतिक क्षयरोग दिन आहे.

अलेक्झांड्रियाहून कलकत्त्याला

1883 मध्ये इजिप्तमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. जर्मनीने कॉख यांना, तर फ्रान्सने आपल्या संशोधकांना अलेक्झांड्रियाला पाठवले. दोन देशांत चुरस होती. फ्रेंच पथकातले तरुण संशोधक लुई तुइए यांना तिथेच कॉलरा झाला आणि ते मरण पावले. त्यांच्या अंत्ययात्रेत कॉख यांनी खांदा दिला.

इजिप्तमधली साथ ओसरली, पण काम अपुरे होते. कॉख यांनी थेट कलकत्ता गाठले, कारण तिथे कॉलरा कायमचाच होता. जानेवारी 1884 पर्यंत त्यांनी स्वल्पविरामासारखा वाकडा दिसणारा जंतू वेगळा वाढवला. त्यानंतर एका तळ्याच्या पाण्यात त्यांना तोच जंतू सापडला. त्या तळ्याभोवती कॉलऱ्याचे रुग्ण होते. लोक त्यातच अंघोळ करत, रुग्णांचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत.

हे चित्र पूर्णपणे नवे नव्हते. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी 1854 मध्येच एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले होते आणि त्याच वर्षी इटलीचे फिलिप्पो पाचिनी यांनी हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मात्र दोघांचेही म्हणणे त्या वेळी फारसे मानले गेले नाही. कॉख यांनी रुग्णाच्या आतड्यापासून तळ्याच्या पाण्यापर्यंतचा दुवा जोडून दाखवला.

एक नदी, दोन शहरे

ऑगस्ट 1892 मध्ये हॅम्बर्ग शहरात कॉलरा आला. शहराला एल्ब नदीचे पाणी न गाळताच पुरवले जात होते. गाळण्याची सोय बांधायला घेतली होती, पण खर्चावरून वर्षानुवर्षे वाद झाल्याने ती पूर्ण झाली नव्हती. काही आठवड्यांत सुमारे 17,000 लोक आजारी पडले आणि सुमारे 8,600 जण दगावले. सरकारने कॉख यांना तिथे पाठवले.

हॅम्बर्गला लागूनच आल्टोना हे दुसरे शहर होते. दोन्ही शहरांच्या हद्दी इतक्या मिसळलेल्या होत्या, की काही ठिकाणी मधे फक्त एक रस्ता होता. आल्टोनाही एल्ब नदीचेच पाणी घेत असे आणि तेही हॅम्बर्गचे सांडपाणी नदीत मिसळल्यानंतरच्या जागेवरून. म्हणजे त्यांचे मूळ पाणी जास्त घाण होते. तरीही आल्टोनात कॉलरा फारसा पसरला नाही. रस्त्याच्या हॅम्बर्गकडच्या बाजूला घरोघरी रुग्ण, तर समोरच्या आल्टोनाच्या बाजूला जवळजवळ नाहीत. हॅम्बर्गच्या हद्दीतल्या कामगारांच्या एका वस्तीला मात्र आल्टोनाचे पाणी मिळत होते. ती वस्तीही वाचली.

हवा तीच, जमीन तीच, माणसे सारखीच. फरक फक्त पाण्याचा होता. आल्टोना आपले पाणी वाळूच्या मोठ्या हौदांतून सावकाश गाळून घेत असे.

वाळूच्या हौदात काय होते?

इथवर वाचून वाटेल, की वाळूने काम केले, मग आपल्या बाटलीतली वाळूही करेल. कॉख यांनी नेमका हाच प्रश्न पुढे नेला. हौदात येणाऱ्या आणि हौदातून निघणाऱ्या पाण्यातले जंतू त्यांनी मोजले. वाळूच्या दोन कणांमधली जागा जंतूच्या मानाने प्रचंड मोठी असते, त्यामुळे नुसत्या वाळूतून जंतू सहज निघून जातात. खरे काम वाळूच्या वर हळूहळू जमणारा बुळबुळीत थर करतो. तो बारीक गाळ, शेवाळ आणि निरुपद्रवी जंतूंचा बनलेला असतो. तो जमायला वेळ लागतो. हौद साफ करताना तो खरवडला गेला, की नवा थर जमेपर्यंत पाणी नीट गाळले जात नाही.

त्याच हिवाळ्यात, 1893 च्या सुरुवातीला, याचा पुरावा मिळाला. आल्टोनातच कॉलऱ्याचे रुग्ण दिसू लागले. कॉख यांनी हौदांतले जंतू मोजले, तेव्हा एका हौदाचे काम बिघडल्याचे आढळले. कडाक्याच्या थंडीत तो साफ केला होता, वाळू गोठली होती आणि त्यातून जंतू पार होत होते. सगळ्या हौदांचे पाणी एकत्र तपासले असते तर हा दोष लपून राहिला असता.

यावरून कॉख यांनी नियम घालून दिले. पाणी वाळूतून तासाला 100 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने उतरू नये. वाळूचा थर 30 सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये. प्रत्येक हौदाचे पाणी दररोज वेगळे तपासावे. एक मिलिलिटर पाण्यात 100 पेक्षा जास्त जंतू आढळले तर ते पाणी लोकांना देऊ नये.

हेच माप आपल्या बाटलीला लावून पाहा. 8 सेंटिमीटर रुंद बाटलीतून या वेगाने तासाला अर्धा लिटर पाणीच निघायला हवे. घरातल्या गाळणीतून तेवढे पाणी काही मिनिटांत खाली येते. वाळूही जेमतेम वीतभर असते आणि वरचा थर तयार व्हायला अवधीच मिळत नाही. म्हणून अशा गाळणीतून गढूळपणा जातो, पण जंतू राहतात.

प्यालो, पण काही झाले नाही

म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे तेव्हाचे फार मोठे आरोग्यतज्ज्ञ. केवळ जंतू पोटात गेल्याने कॉलरा होतो हे त्यांना मान्य नव्हते. ऑक्टोबर 1892 मध्ये त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण सर्वांसमक्ष पिऊन टाकले. त्यांना किरकोळ जुलाब झाले. पण त्यांचे सहकारी रुडोल्फ एमेरिक यांनीही तसेच केले आणि त्यांना बराच त्रास झाला.

आम्ही वर्षानुवर्षे विहिरीचे हेच पाणी पितो, आम्हाला काही झाले नाही, असे सांगणारी मंडळी आपल्याही घरात असतात. जठरातले आम्ल, आधीची प्रतिकारशक्ती आणि पोटात गेलेल्या जंतूंची संख्या यांवर आजार अवलंबून असतो. आजोबांना काही झाले नाही, म्हणून नातवाला होणार नाही असे नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाची औषधे घेणारे रुग्ण यांना तेच पाणी जिवावर बेतू शकते.

स्वतःचाच नियम विसरल्यावर

कॉख यांच्याही हातून मोठी चूक झाली. 1890 मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन हा क्षयावरचा उपाय म्हणून जाहीर केला. पुरेशी तपासणी होण्याआधीच जगभरातून रुग्ण बर्लिनला धावले. औषधाने क्षय बरा झाला नाही आणि काही रुग्णांचा आजार बळावला. पुढे ट्युबरक्युलिन क्षयाच्या निदानासाठी उपयोगी पडले, हातावर टोचून केली जाणारी चाचणी त्यातूनच आली. पण उपाय म्हणून ते फसले. मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा धडा त्यांनाही महागात पडून शिकावा लागला.

1897 मध्ये मुंबईत प्लेगची साथ होती, तेव्हा जर्मन पथकाबरोबर काम करण्यासाठी कॉख मुंबईला आले होते. 1905 मध्ये क्षयरोगावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 27 मे 1910 रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. हॅम्बर्गची गाळण्याची सोय साथीनंतर लगेच, 1893 मध्ये पूर्ण झाली.

आपल्या घरातल्या वस्तू किती उपयोगी?

कापड: जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे चार ते आठ पदर करून पाणी गाळले, तर कॉलऱ्याचे जंतू ज्यांना चिकटून राहतात ते बारीक जलजीव अडकतात. बांगलादेशातल्या मतलब भागातील खेड्यांत असे केल्यावर कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पण पाण्यात सुटे फिरणारे जंतू, विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू कापडातून पार होतात. गाळल्यावर कापड धुऊन उन्हात वाळवा.

तुरटी आणि शेवग्याच्या बियांची पूड: यांनी गाळ तळाशी बसतो, त्याबरोबर काही जंतूही बसतात. सगळे मरत नाहीत.

कोळसा: वास, रंग आणि क्लोरीनची चव कमी होते. ओला कोळसा बरेच दिवस तसाच ठेवला तर त्यावर जंतू वाढतात.

चिनी मातीची कँडल: तिची छिद्रे बारीक असल्याने बरेच जंतू अडतात, विषाणू मात्र अडतीलच असे नाही. कँडलला बारीक तडा गेला तरी पाणी स्वच्छच दिसते. आल्टोनाचा बिघडलेला हौद आठवा.

क्षार आणि विषारी घटक: फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांवर वरीलपैकी कशाचाही भरवसा नाही. पाणी उकळूनही ते जात नाहीत. बोअरवेलचे पाणी त्यासाठी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

मग काय करावे?

1. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून वा कापडाने गाळून घ्या. घरगुती गाळणीचा खरा उपयोग इथेच आहे.
2. मग ते उकळा. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवा आणि झाकून गार करा. उकळणे शक्य नसेल तर पिण्याच्या पाण्यासाठीचे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही.
3. पाणी झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात साठवा. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरा. शुद्ध केलेल्या पाण्यात हात बुडाला की सगळी मेहनत वाया जाते.
4. शंका असेल तर ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र किंवा पालिकेकडे पाणी तपासणीची चौकशी करा. काही ठिकाणी तपासणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवल्यावर ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर पाण्यात मैला मिसळल्याची शक्यता असते.

जुलाब सुरू झाल्यास लगेच ओआरएस द्या. एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवा. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब, थांबत नसलेल्या उलट्या, शौचातून रक्त, सहा तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, सुस्ती किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळले तर घरी वाट न पाहता रुग्णाला दवाखान्यात न्या.

मुलांनी बाटलीची गाळणी जरूर करावी. त्यातून निघालेले नितळ पाणी ग्लासात धरून त्यांना कॉख यांची गोष्ट सांगा आणि मग ते पाणी पिण्याऐवजी झाडाला घाला.